पेणकरपाड्यातली सेमी-ऑटोमॅटिक

आमच्या घरात तिघं राहायचो: बाबा, मी आणि बंदूक. तिघांत सगळ्यात ऐसपैस बंदूक राहायची. भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातली ती खोली म्हणजे एका भिंतीला ओटा, समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट आणि मध्ये जे उरेल त्यात आम्ही दोघं. माझे कपडे दोरीवर, बाबांचा गार्डचा गणवेश खुंटीवर, पण बंदुकीला कपाटातला आख्खा उभा कप्पा, वर आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. आई गावाकडे होती, हिंगोलीच्या अलीकडे. आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं, धाकटी बहीण तिथल्या शाळेत होती, त्यामुळे आई तिकडे. आणि माझं कॉलेज व्हावं म्हणून मी इकडे. बंदूक आजोबांची. रानडुकरं पिकात शिरायची म्हणून त्यांना तिचा परवाना मिळाला होता. त्यांनी तिने डुकरं किती मारली ते मला माहीत नाही, गावातली माणसं मात्र पुष्कळदा दचकवली. पुढे परवाना बाबांच्या नावावर झाला, आणि भाईंदरला बंदूकवाल्या गार्डला नुसत्या काठीवाल्यापेक्षा जास्त भाव आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा तिला घेऊन इथे आले. की ती बाबांना घेऊन आली, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

नवघरला एका सराफाच्या दुकानावर बाबांची रात्रपाळी होती. संध्याकाळी जेवून निघायचे, सकाळी मी कॉलेजला निघण्याच्या बेताला परत यायचे. आल्याबरोबर, बूट काढायच्याही आधी, एक विधी असायचा. दारातच बाबा दुनाली मधून मोडायचे. टक् असा कोरडा आवाज व्हायचा. मग ती खिडकीकडे धरून ते एका नळीला डोळा लावायचे, दुसऱ्या नळीला लावायचे, आणि म्हणायचे, "रिकामी." मग माझी पाळी. दोन नळ्यांतून दोन गोल उजेड दिसायचे, आणि त्यात समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेली कुणाची तरी परकर-चादर. मीही म्हणायचो, "रिकामी." काडतुसं बिस्किटाच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली बाबांच्या करदोऱ्याला. इतर घरांत सकाळी लोक एकमेकांना काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्यात हे एवढंच म्हणायचे. त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि मी निघायचो.

बाबा मुळात कमी बोलणारे, आणि मी बोलायला कुणी नसलेला. कॉलेजात माझं तोंड उघडलं की हिंगोली बाहेर पडायची. पहिल्याच आठवड्यात मी कँटीनमध्ये चहा "लई" गोड झालाय म्हणालो आणि पुढचं वर्षभर माझं नाव 'लई' पडलं. मग मी हिंदीचा आश्रय घेतला. हिंदीत मी कोण आहे ते कुणाला कळत नसे, म्हणजे मलाही कळत नसे. दुपारी घरी यावं तर बाबा घोरत असायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून रेडिओ लावायचा नाही, भांडी वाजवायची नाहीत, स्टोव्हला पंपही हळू मारायचा. मी त्या खोलीत चोरासारखा वावरायचो, फरक इतकाच की चोराला आपल्याकडे काहीतरी ऐवज आहे असं वाटतं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी शिलाई मशीन चालायची. मी त्या अनोळखी मशीनच्या सोबतीने भाकऱ्या थापायचो. आईने गावाहून पाठवलेल्या येसराच्या मसाल्याची आमटी, आणि खालच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणीकडची सुकट. ती सुकट तव्यावर टाकली की बाबा झोपेतच कूस बदलायचे. त्यालाच मी संभाषण मानायचो.

अशा दिवसांत मला रद्दीवाल्याकडे ती मासिकं सापडली. परदेशी, गुळगुळीत कागदाची, शिकारीची. जवळच्याच बेव्हर्ली पार्कातल्या कुठल्या श्रीमंत घरातून आली असतील ती असोत. मुखपृष्ठावर बर्फात उभा एक लालबुंद माणूस, त्याच्या पायाशी शिंगांचं हरीण आणि हातात रायफल. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे हे मला माहीत होतं. आमच्या परिसरात मारण्याजोगं जनावर म्हणजे नाल्यातली डुकरं, खाडीकडच्या मिठागरातले बगळे आणि ओट्याखालचा एक उंदीर. त्यातल्या उंदराशी तर माझी ओळख होती. तरी मी ती मासिकं शब्दकोश घेऊन वाचून काढली. प्रत्येक अंकात एक भांडण असायचंच: शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल बरी की दर गोळीमागे हाताने खटका ओढून पुढची भरायची जुनी रायफल बरी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप ओढला की एक गोळी जाते आणि पुढची आपोआप येऊन बसते. पुन्हा चाप, पुन्हा गोळी. त्या भांडणात मी असा रमलो, जसं काही दिवाळीला मला त्यातली एक निवडायचीच होती.

एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमची दुनाली म्हणजे फार जुनाट प्रकार आहे."

बाबांचा हात ताटावर थांबला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते म्हणाले, "काहून?"

"दोनच गोळ्या. मग मोडा, काढा, भरा. तोवर जनावर पळून जाईल. सेमी-ऑटोमॅटिकला नेमावरची नजर काढायचीच नाही, पुढची गोळी तयार."

"पहिली नीट लागली तर पुढची कशाला?"

"नाही लागली तर?"

"मंग मारूच नये," बाबा म्हणाले, आणि आमटीचा भुरका मारला. "ज्याला ठाव हाय की पुढली गोळी हायच, तो पहिली कशीबी उडवतो."

एवढं सलग वाक्य मी त्यांच्या तोंडून कैक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं आणि मासिकांतून मुद्दे काढले.

मग ते रोजचंच झालं. मी म्हणायचो, सेमी-ऑटोमॅटिकचा खांद्याला दणका कमी, कारण बारुदाचा थोडा वायू आतलं यंत्र ढकलण्यात खर्च होतो. बाबा म्हणायचे, तेवढं यंत्र वागवायचं कुणी, वजन किती असेल, तुझ्या आजोबाला उचललं असतं काय. मी म्हणायचो, ती झटपट चालते. बाबा म्हणायचे, आणि मातीचा एक कण गेला की झटपट अडकते. दुनालीत अडकायला हाय काय? ती मी भाकरीच्या पिठाच्या हाताने उघडून दाखवतो. एकदा मी चिडून म्हणालो की जगातले सगळे मोठे शिकारी सेमी-ऑटोमॅटिककडे वळतायत. बाबांनी विचारलं, "मोठे म्हंजे? अंगानं?" मला ठसका लागला. आमच्या खोलीत कुणी हसलं तर भिंतींना सवय नसल्यामुळे आवाज जरा मोठाच वाटायचा. ड्यूटीवर निघताना बाबा जिन्यात थांबून म्हणायचे, "आणि साफसफाई? ती कोण करंल रोज?" आणि मला उत्तर देऊ न देता निघून जायचे. त्या उत्तरासाठी मी सकाळची वाट बघायचो. सकाळी "रिकामी" झालं की लगेच म्हणायचो, "साफसफाई मी करीन." बाबा बूट काढत म्हणायचे, "ताट तरी धू आधी."

आता विचार करतो तर गंमत वाटते. घराच्या भाड्यावर, माझ्या अभ्यासावर, आई एकटी कशी निभावत असेल यावर आम्ही कधी बोललो नाही. जे आमच्याकडे नव्हतं, कधी येणार नव्हतं, त्या रायफलीचे गुणदोष आम्ही एखाद्या मुलीचं स्थळ बघावं तसे रोज चघळत होतो.

माझी खरी इच्छा निराळीच होती. बाबांना दिवसपाळी मिळावी. तिची चव मला निवडणुकीने लावली होती. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. रात्रपाळीला सराफाला बंदूकवालाच हवा असे, म्हणून तेवढे आठवडे बाबांना दिवसा काठी देऊन दारात उभं करत. मग बाबा संध्याकाळी घरी. आम्ही खाडीकडे चालायला जायचो, ते रात्री घोरायचे आणि मी त्या घोरण्यावर झोपायचो. लोकशाहीवर माझ्याइतकं प्रेम त्या काळी भाईंदरमध्ये कुणी केलं नसेल. सरकार पडणार अशी बातमी आली की मी मनोमन देव पाण्यात ठेवायचो, आणि आमच्यात तर देवच नव्हते.

आणि मग निवडणूक नसतानाही ती संधी चालून आली. सराफाच्या गिऱ्हाइकांत एक बिल्डर होता, बेव्हर्ली पार्कला राहणारा. दुकान बंद होण्याच्या वेळी त्याने दारातले बाबा पाहिले, त्यांची मिशी पाहिली, दुनाली पाहिली, आणि रविवारी घरी बोलावलं. घरच्या गेटवर आणि गाडीत सोबत असा माणूस त्याला हवा होता. दिवसपाळी. रात्री सुट्टी. बाबांनी मला ते सांगितलं तेव्हा मी भाकरी करपवली. "तू बी चल," बाबा म्हणाले. "शेठ हिंदी लई जोरात बोलतो. आणि कागद इंग्रजीत असला तर वाच." त्यांनी गणवेशाला इस्त्री केली, बिल्ला रांगोळी लावून घासला. बंदूक शिलाई मशीनच्या तेलाने पुसली आणि खोळीत घालून खांद्याला लावली. बेव्हर्ली पार्कच्या लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात आम्ही तिघंही बरे दिसत होतो.

शेठ सोफ्यावर पाय दुमडून बसला होता. समोर काजू. "देखो चाचा," तो म्हणाला, "मेरे को दो चीज चाहिए. एक बंदूक, एक बंदूकवाला. लायसन मेरा आ गया है. बंदूकवाला तो आप हो. अब बोलो, मैं अपने लिए कौन सी लूं? फार्महाऊस पे रखनी है. कोई बोलता है सादी लो, कोई बोलता है वो सेमी-ऑटोमॅटिक लो, शिकारवाली."

बाबा सावधानमध्ये उभे होते. "साहेब, जैसा आपको ठीक लगे," ते म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्या क्षणी माझ्या जागी एखादं टेबल असतं तरी ते गप्प बसलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता, आणि तोही हिंदीत, जिथे मी 'लई' नव्हतो. मी म्हणालो, "सर, सेमी-ऑटोमॅटिक." शेठने माझ्याकडे पाहिलं. "अच्छा? क्यूं?"

मग मी सुटलो. नेमावरून नजर हटत नाही, खांद्याला दणका कमी, दुसरी गोळी तयार, तिसरीही तयार. मी उभा राहून खांद्याला काल्पनिक रायफल लावून दाखवली. बर्फातल्या हरणाचा किस्सा असा सांगितला की जणू ते मी पेणकरपाड्याच्या नाक्यावर टिपलं होतं. शेठ पुढे सरकून ऐकत होता. त्याने मला काजू दिले. मधूनमधून मी सवयीने थांबत होतो. जेवताना तिथे बाबांचं "पण" यायचं: पण वजन, पण माती, पण साफसफाई. इथे ते येत नव्हतं. बाबा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. दुसरी बाजू रिकामी पडली होती, म्हणून मी तिच्यावरही चढून गेलो.

"और ये पापा के पास जो है?" शेठने खोळीकडे बोट दाखवलं.

"वो दो गोली के बाद खतम, सर. फिर खोलो, निकालो, भरो. तब तक चोर चाय पीके निकल जाएगा."

शेठ असा हसला की काजू त्याच्या घशात अडकला. त्याला पाणी आणून दिलं गेलं. डोळे पुसत तो म्हणाला, "चाचा, तुम्हारे लडके ने तो तुमको ही रिटायर कर दिया!"

मीही हसलो. लिफ्टचा दरवाजा बंद झाला आणि आरशात मला बाबांच्या खांद्यावरची खोळ दिसली, तेव्हा माझं हसू उतरलं. मी वाद जिंकलो होतो. ज्या माणसाकडे फक्त दुनाली होती त्याच्या पोटापाण्याबद्दल तो वाद होता, हे मला तळमजल्यावर कळलं.

रस्ताभर बाबा खोळीचा पट्टा धरून माझ्या पुढे चालत होते. घरी आल्यावर त्यांनी बंदूक मोडली, खिडकीकडे धरली, "रिकामी" म्हणाले. मी डोळा लावला. मला नीट काही दिसलं नाही, पण म्हणालो.

काही दिवसांनी, आम्ही जेवायला बसलेलो असताना शेठचा ड्रायव्हर दारात आला. शेठने नोकरी एका एजन्सीला दिली होती. तिथून तरणीताठी पोरं येणार होती, काळे चष्मे लावलेली. एवढं सांगून तो जाईना. चौकटीला टेकून हसायला लागला. "और भाई, वो तुम्हारा सेमी-वेमी तो मिलताच नहीं है. सेठ बंदूक की दुकान में जाके मांगा, तो दुकानवाला बोला, सेठ, सादे लायसन पे ये चीज आपको कौन देगा? चार लोग के सामने. सेठ बहोत गरम है तुम पे."

तो गेला. वर शिलाई मशीन चालू होती. मी भाकरीकडे बघत विचारलं, "बाबा, ती मिळतच नाही?"

"न्हाई. आपल्याकडं साध्या परवान्यावर न्हाई देत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवाना कुणाचा हाय?" बाबा म्हणाले. "दर बारीला नवा कराया मीच जातो की."

"म्हणजे पहिल्यापासून?"

त्यांनी मान हलवली. मला सगळ्या संध्याकाळी आठवल्या. तो वायूचा दाब, ती माती, ते मोठे शिकारी. एका वाक्यात सगळं उडालं असतं. "मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना!" मी जवळजवळ ओरडलो. "एका वाक्यात जिंकला असता तुम्ही."

बाबांनी आमटीत भाकरीचा तुकडा बुडवला. "जिंकून काय करू?" ते म्हणाले. "मंग जेवताना काय बोललो असतो आपण?"

"आणि शेठकडे? तिथे तरी बोलायचं. दिवसपाळी होती, बाबा."

"तिथं तू लई बोलत होतास," बाबा म्हणाले. "चार लोकांत असा बोलताना मी तुला कवा बघितला नव्हता. मधी पडू वाटलं न्हाई."

ते उठले, हात धुतले, बंदूक खांद्याला लावली आणि नवघरला गेले. मी त्यांचं ताट उचलायला विसरलो. दुसऱ्या दिवशी मासिकांचा गठ्ठा उचलून त्याच रद्दीवाल्याकडे टाकून आलो, आणि संध्याकाळी खाली मान घालून जेवायला बसलो. बाबाही जेवत होते. भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज येत होता. आता पुन्हा आधीसारखंच होणार, मला वाटलं. वाद मिटवणारं एकच वाक्य होतं, तेही वापरून झालं.

बाबांनी कपाटाशेजारची मोकळी जागा पाहिली. "पुस्तकं कुठं गेली?"

"विकली."

"हूं." आमटी वाढून घेतली. मग ताटातच बघत, जरा अडखळत, जसं काही परक्या घरात पाणी मागावं तसं ते म्हणाले, "बरं, समज, मिळत असती. मंग पावसात काय करशील?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. "खोळ घालीन," मी म्हणालो.

"खोळ काढंस्तवर डुक्कर गेलं की."

"सेमी-ऑटोमॅटिकची खोळ झटकन निघते."

"खोळ बी आपोआप?" बाबा म्हणाले, आणि आम्ही सुरू झालो. ते पुढे बरीच वर्षं चाललं. दिवसपाळी त्यांना कधी मिळाली नाही. निवडणुका मात्र अधूनमधून येत राहिल्या.

बाबा गेल्यावर मी बंदूक ठाण्यात नेऊन दिली. वारसाने अर्ज केला तर परवाना मिळू शकतो, असं तिथल्या हवालदाराने समजावलं. मी नको म्हणालो. देण्याआधी तिथल्या खिडकीकडे धरून नळ्या पाहिल्या आणि सवयीने मोठ्याने "रिकामी" म्हणालो. हवालदार म्हणाला, "हो, बघितलं मी." त्याला काय सांगणार. खोळ तेवढी परत आणली. पेणकरपाड्यातली ती इमारत आता नाही. मी राहतो तिथून मेट्रोचे खांब दिसतात, आणि घरात मी एकटाच जेवतो. येसर आता दुकानात मिळतो. बरा असतो.

जेवताना दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. परवाच दणक्याचा मुद्दा पुन्हा निघाला. बाबांच्या बाजूने मी चांगला लढलो. सेमी-ऑटोमॅटिकही काही मागे हटली नाही. आमटी निवत आली तरी निकाल लागेना. एका वाक्यात लावता येतो, मला माहीत आहे. ते मी अजून उच्चारलेलं नाही.